'शाळानिवड' : विग्रह कसा करायचा?

प्रश्न :
'स्कूल चॉइस'वरच्या (मुलाची शाळा पालकांनी निवडावी आणि सरकारी पैसा त्या शाळेकडे जावा, या कल्पनेवरच्या) एका लेखाचं भाषांतर करतोय. 'शाळानिवड' असा सुटसुटीत शब्द योजला, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासातच खोट काढली. त्यांचं म्हणणं, 'शाळेची निवड' असा विग्रह होतो तसा 'शाळेने केलेली निवड' असाही होतो, वाचणाऱ्याने कोणता धरायचा? शिवाय 'इक्विटी'ला समता, समानता की समन्याय? 'व्हाउचर'ला, म्हणजे शाळेच्या फीपोटी सरकार पालकांना देतं त्या पत्राला, हुंडी म्हणावं का? आणि खासगी की खाजगी?

प्रतिसाद :
शेवटचं आधी उरकतो. दोन्ही रूपं रूढ आहेत. मूळ 'खास', म्हणून मी 'खासगी' लिहितो. संस्थानांत दौलतीचा हिशेब वेगळा आणि राजघराण्याच्या खासगीचा वेगळा असे. भाषांतर करताना हे लक्षात असू द्या, कारण 'खासगीकरण' म्हटलं की पैसा खासगी झाला की कारभार, ते कळत नाही. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५च्या निबंधात नेमकी हीच फारकत सुचवली होती : पैसा सरकारने द्यावा, शाळा चालवणं हे वेगळं काम. अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा (पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१) पैसा सरकारी आणि कारभार स्वतंत्र मंडळाचा. अशांना सरसकट खासगी म्हणणं म्हणजे निम्मा वाद आपणच निकालात काढणं.

बाईंची शंका मात्र लाखमोलाची! चिलीत १९८१पासून दर विद्यार्थ्यामागे अनुदान शाळेच्या पदरात पडू लागलं. मूल जाईल तिकडे पैसा. कागदोपत्री निवड पालकांची. प्रत्यक्षात अनुदान घेणाऱ्या कित्येक खासगी शाळा परीक्षा, मुलाखती घेऊन मुलं निवडत, आणि पुढे वर फीही आकारू लागल्या. २०१५च्या कायद्याने ही निवड बंद करायला घेतली. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर काही ठरावीक अग्रक्रम पाळून सोडत. म्हणजे तिथे कायदा करून तुमच्या समासाचा विग्रह ठरवावा लागला.

'हुंडी' मला आवडला. हुंडी हातात असणं वेगळं आणि ती वटणं वेगळं. शाळेने 'जागा नाही' म्हटलं की वटली नाही.

दुसरा प्रतिसाद :
'निवडणे'चा घरगुती अर्थ विसरू नका. धान्य निवडतो तेव्हा आपलं लक्ष दाण्यांवर नसतं, खड्यांवर असतं. चांगल्या शाळा 'निवडल्या' गेल्या की मागे उरलेल्या शाळेत कोण बसतं, हा विरोधकांचा प्रश्न या क्रियापदात आधीच आहे. समर्थक त्यावर विचारतील, ऐपत असलेले तर घर बदलूनही शाळा निवडतातच, मग बाकीच्यांनाच मनाई का? हाही प्रश्न झटकण्यासारखा नाही.

'इक्विटी'ला 'समन्याय'च. 'समता' स्वातंत्र्य-समता-बंधुतेत आधीच गुंतलेला आहे, आणि संविधानाच्या उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे. 'समन्यायी' आपल्याला पाणीवाटपामुळे परिचयाचा. फरक दाखवायला चिलीच घ्या : सगळ्यांना सारखं अनुदान ही समानता, २००८पासून गरीब मुलामागे शाळेला जादा रक्कम, हा समन्याय.

प्रश्नकर्ता :
मग 'शाळापसंती' लिहू?

दुसरा प्रतिसाद :
त्यालाही तोच विग्रह लागेल की! शाळेला कोण पसंत, हे उरतंच.

पहिला प्रतिसाद :
अहो, समासाचा हट्ट कशाला? 'पालकांनी शाळा निवडणे', 'शाळेने मुले निवडणे' असं लिहा. जागा जास्त जाईल, पण कर्ता लपणार नाही.

प्रश्नकर्ता :
पटलं. 'शाळानिवड' फक्त शीर्षकात ठेवतो, आत प्रत्येक वाक्यात कर्ता घालतो. 'हुंडी'चं बाईंना कसं पटवायचं ते बघतो.