शब्दचर्चा: ‘कन्फेशनल’ मंडळीला मराठीत काय म्हणावे?

भुसावळकर
पत्रक आणि नियमावलीसाठी, रिफॉर्म्ड (सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेतून आलेल्या) परंपरेतल्या ‘कन्फेशनल चर्च’ला मराठी शब्द हवा आहे. म्हणजे अशी मंडळी, जी वेस्टमिन्स्टर (१६४६, ३३ प्रकरणे) किंवा बेल्जिक (१५६१, ३७ कलमे) असा विश्वासाचा लेखी दस्तऐवज मानते आणि त्याला धरून शिकवते. ‘कबुलीजबाबी मंडळी’ चालेल का? आणि ‘रिफॉर्म्ड’ला नुसते ‘सुधारित’ म्हटले तर?

अमळनेर
कबुलीजबाब नको, भाऊ. तो पोलीस ठाण्यातला शब्द. ऐकणारा आधी विचारेल, गुन्हा काय केला? (त्यातही पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही, म्हणजे दुहेरी पंचाईत.)

मराठी शास्त्रात (बायबलात) पापाची कबुली आणि विश्वासाची कबुली या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, ते पाहा. १ योहान १:९ मध्ये पापे ‘पदरी घेतली’ आहेत, तर रोम १०:९ मध्ये येशू प्रभू आहे असे ‘मुखाने कबूल’ करायचे आहे. ग्रीक क्रियापद दोन्हीकडे एकच, होमोलोगेओ. शब्दशः ‘तेच बोलणे’. देव जे म्हणतो तेच आपण म्हणायचे, मग विषय आपल्या पापाचा असो की ख्रिस्ताचा. भाषांतरकारांनी प्रसंग पाहून दोन शब्द वापरले, हे मला फार चांगले वाटते. ‘पदरी घेणे’ला तोड नाही.

लेखी दस्तऐवजासाठी मात्र ‘अंगीकार’ घ्या. ‘कबूल’चाही मूळ अर्थ स्वीकारच, पण आज त्याला दुसऱ्याने वदवून घेतल्याचा वास येतो. अंगीकार म्हणजे आपले करून घेणे. शाळेतल्या प्रत्येक पोराला उद्देशिका पाठ असते, ‘हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून’. सगळ्यांनी मिळून एक लिखाण आपले म्हणायचे, हाच तो अर्थ.

नवापूर
उपासनेत ‘मतांगीकार’ही ऐकू येतो, ‘विश्वासांगीकार’ही. मी दुसरा घेईन. आजच्या बोलीत ‘मत’ म्हणजे एक तर मतदान, नाही तर ‘माझं आपलं मत’. धर्मसिद्धान्त या तिसऱ्या अर्थापर्यंत कोणी पोहोचत नाही.

‘सुधारित’बद्दल: आपल्याकडे सुधारित म्हटले की कपाशीचे वाण आठवते, जुने टाकले आणि नवे पेरले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांचा दावा उलटा होता, आम्ही जुन्याकडे परत चाललो आहोत. ‘सुधारक’ तर आगरकरांनी १८८८ पासून सामाजिक सुधारणेला बांधून टाकलेला शब्द. तेव्हा पहिल्यांदा ‘धर्मसुधारणेच्या परंपरेतील’ असे लांबलचक लिहा, पुढे सरळ ‘रिफॉर्म्ड’.

खानदेशात मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) आणि स्कॅन्डिनेव्हियन मिशनच्या कामातून, म्हणून ही शब्दावली इथे कमी रुळली. गंमत अशी, की अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन स्वतः आधी प्रेस्बिटेरियन, म्हणजे रिफॉर्म्ड परंपरेतल्याच एका शाखेचे, पाळक होते.

धुळे-साक्री
विशेषणाचे राहिले. ‘अंगीकारनिष्ठ’ गोड आहे, पण निष्ठा मनात असते. ‘कन्फेशनल’मध्ये बांधून घेणे आहे, म्हणून ‘अंगीकारबद्ध’. करारबद्ध, वचनबद्ध हे शब्द आपल्याकडे आहेतच.

आता खरी मेख. अंगीकार मानतो म्हणून पाळक सही करतो, ती कोणत्या शब्दावर करायची? जुना वाद दोन लॅटिन शब्दांचा आहे, ‘क्विआ’ (कारण) आणि ‘क्वाटेनुस’ (जितके तितके). मराठीत तो असा उतरतो:

‘हा अंगीकार शास्त्राशी जुळतो *म्हणून* मी मानतो.’
‘हा अंगीकार शास्त्राशी जुळतो *तितका* मी मानतो.’

दुसरे वाक्य नम्र वाटते, पण त्याने काहीच बांधले जात नाही. ‘जुळते तितके’ म्हणून आजच्या वर्तमानपत्रावरही सही करता येईल. भाषांतर करताना घसरण इथेच होते. ‘म्हणून’ जरा कडक वाटतो, मग कोणीतरी ‘शास्त्रानुसार असेल तसा’ लिहितो आणि सहीतला जीव जातो. नेदरलँड्समधल्या दोर्त इथे भरलेल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या सभेने (१६१८–१९) ठरवलेल्या प्रतिज्ञेत सही करणारा म्हणतो की ही शिकवण देवाच्या वचनाशी पूर्णपणे जुळते. पुढे शंका आलीच, तर ती आधी मंडळीच्या सभांपुढे ठेवायची, व्यासपीठावरून विरोधात शिकवायचे नाही. शास्त्र वर, अंगीकार खाली, हा क्रम ‘म्हणून’मध्येही शाबूत राहतो, मानण्याचे कारण शास्त्रच आहे.

भुसावळकर
सही सगळ्या सभासदांची?

धुळे-साक्री
बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत पाळक, वडील (एल्डर) आणि सेवक (डीकन) यांची. सभासदाकडून ख्रिस्तावरच्या विश्वासाची कबुली पुरते. छापताना ‘मंडळीच्या वडिलांची सही’ असे पूर्ण लिहा. नुसते ‘वडिलांची सही’ लिहाल तर पोरगा कागद घेऊन घरी जाईल.

चोपड्याची ताई
सगळे शब्द कागदावरचे चालले आहेत. मंडळीत मोठ्याने म्हणायचे वाक्य कसे लिहाल? हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली (१५६३), रिफॉर्म्ड शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणारी, ती घ्या. १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले, म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच. पहिला प्रश्न, ‘जीवनात व मरणात तुझे एकमेव सांत्वन कोणते?’ ‘तुमचे’ करू नका, जर्मनमध्ये एकवचनच आहे. आणि उत्तर साधारण असे उतरवतात: ‘मी माझा स्वतःचा नसून…’ इथेच घोळ. अर्धी मंडळी ‘माझा’, अर्धी ‘माझी’, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत गोंगाट. ‘विश्वास ठेवतो/ठेवते’चेही तेच. तिरकी रेघ डोळ्याला चालते, तोंडाला नाही.

अमळनेर
ताई, अहिराणीत ही अडचणच नाही. ‘मी विश्वास ठेवस’, बाई म्हणो की बुवा.

चोपड्याची ताई
खरं आहे. प्रमाण मराठीत वाक्य फिरवायचे, लिंग बोलणाऱ्याऐवजी नामावर टाकायचे. ‘माझ्यावर मालकी माझी नाही, देहावर व आत्म्यावर, जगताना व मरताना, मालकी माझ्या विश्वासू तारणाऱ्याची, येशू ख्रिस्ताची आहे.’ मालकी स्त्रीलिंगी, म्हणणारा कोणीही असो. तसेच ‘मी विश्वास ठेवतो’ऐवजी ‘माझा विश्वास आहे’. ‘आम्ही विश्वास धरतो’ सर्वांना चालते, पण प्रेषितांच्या अंगीकारात ‘मी’ आहे, तो बदलू नये.

दुसरे, २७ वा प्रश्न, देवाच्या तरतुदीचा. त्यात पाऊस आणि कोरड, पिकाची आणि नापिकीची वर्षे अशा जोड्या आहेत. पुस्तकी ‘अवर्षण’ घालू नका. ‘पाऊस आणि पावसाची ओढ, सुकाळ आणि दुष्काळ’ असे म्हणा. कोरडवाहू शेतकऱ्याला पुढे समजावून सांगावे लागणार नाही.

नवापूर
एक पुरवणी. ‘नीतिमान ठरवणे’च्या जागी ‘नीतिमान करणे’ कुठेही येऊ देऊ नका. ‘ठरवणे’ हा न्यायाधीशाचा निकाल आहे, ‘करणे’ म्हणजे आतून बदलणे. ते पवित्रीकरणाचे काम. हायडेलबर्गचा ६० वा प्रश्न याच भेदावर उभा आहे.

भुसावळकर
मग पत्रकाच्या माथ्यावर ‘विश्वासांगीकार’, नियमावलीत ‘अंगीकारबद्ध’, आणि सहीच्या ओळीत ‘म्हणून’. ‘तितका’ कच्च्या मसुद्यात दोन ठिकाणी आहे, तो आजच खोडतो.