बिल शून्य झालं, मग शेतीपंपाची वीज वाचवायची कशाला?

विहीरकाठ
महाराष्ट्रात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. बिल थांबलं, कोळसा जळायचा थांबला नाही. ग्रिडच्या दर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सेकंदाला 5 लिटर पाणी 30 मीटर चढवायला दीड किलोवॅट पुरतो. पण दोन-तीनदा रिवाइंड झालेली (जळाल्यावर तार पुन्हा गुंडाळलेली) मोटर आणि घासलेला इंपेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा) असेल तर कार्यक्षमता 30 टक्क्यांवर येते आणि संच 4.9 किलोवॅट ओढतो. 45 टक्क्यांचा संच तेच काम 3.3 मध्ये करतो. वर्षाला 800 तास धरले तर फरक 1300 युनिट, म्हणजे जवळपास 900 किलो कार्बन डायऑक्साइड.

सौरवाहिनी
नवा पंप शेतकऱ्याने घ्यायचा आणि बचत मात्र सरकारच्या अनुदानात? कोण घेईल? त्यापेक्षा सौर फीडरवर, म्हणजे सौर प्रकल्पातून शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीवर पैसा लावा, दिवसा वीज मिळेल आणि कोळशाचा प्रश्नच उरणार नाही. शिवाय पुरवठा 8 तासांचा असेल तर माणूस 8 तास पंप चालवतोच. कार्यक्षम पंप तेवढ्या वेळात जास्त पाणी उपसतो, उसाखाली आणखी रान जातं, विहीर खोल जाते. मग 30 मीटरचे 45 झाले की तुमची बचत संपली.

विहीरकाठ
पाण्याचं म्हणणं पटतं, म्हणूनच पंप बदलण्याआधी पाणी मोजा. 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरला तर सेकंदाला 5 लिटर. तेवढंच पाणी देणारा लहान पंप घ्या, जुन्याच अश्वशक्तीचा नको. 63 मिमीऐवजी 75 मिमी पाइप टाकला तर घर्षण निम्म्याहून कमी होतं. आणि सौर पंपालाही बचत लागतेच: 5 अश्वशक्तीला 4800 वॅटची पॅनेल लागतात, 3 ला 3000 मध्ये भागतं.

डीपीजवळचा
दोघांच्याही हिशेबात तार राहिली. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट खेचते, वाइंडिंग जळतं, मग स्वस्तात बारीक तारेने रिवाइंड होतं. कार्यक्षमता तिथेच जाते. नवा पंपही त्याच लाइनवर दोन हंगामांत तसाच होईल. 5 अश्वशक्तीला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर लावा. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा, 0.75 चा 0.95 झाला तर त्या मोटरचा लाइनवरचा करंट पाचव्या हिश्श्याने घटतो. आणि मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच काढा. वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीपी (ट्रान्सफॉर्मर) त्यानेच जळते.

सौरवाहिनी
ऑटो काढला तर रात्रीच्या पाळीला बांधावर कोण जाणार, साप-विंचवात? आधी दिवसा वीज द्या, मग ऑटो काढायला सांगा. कपॅसिटर मात्र उद्याच बसवावा, त्याला माझा विरोध नाही.