सिलॅबस मास्तरांच्या हातातून काढून घ्या म्हणणाऱ्यांसाठी

फर्मागुडीकर:
काल रात्री इथे एकाने पोस्ट टाकली ती वाचल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसलोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गोव्यातली डिग्री बाजारात चालत नाही कारण सिलॅबस प्राध्यापक ठरवतात आणि त्यांना बाहेरचं वारं लागलेलं नाही, तेव्हा बोर्ड ऑफ स्टडीज (एकेका विषयाचा सिलॅबस ठरवणारं मंडळ), ॲकॅडेमिक कौन्सिल (त्याला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती) सगळं गुंडाळा, कंपन्यांची माणसं आणि दोनचार आयएएस अधिकारी बसवा, सहा महिन्यांत गाडी रुळावर येते की नाही बघा. आणि खाली अंगठ्यांची रांग.

मी एकवीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय, त्यातली तीन वर्षं एका बोर्डावर होतो. एक अख्खी दुपार आम्ही एका गोष्टीवर भांडलो होतो, स्पेक्ट्रोस्कोपी सहाव्या सेमिस्टरमधून पाचव्यात आणायची का. पोरांना ऑरगॅनिकची स्ट्रक्चर्स समजायला ती आधी हवी, हे सगळ्यांना मान्य. पण काणकोणच्या बाजूच्या एका मॅडम उठून म्हणाल्या, माझ्याकडे यूव्ही मशीन एकच आणि मुलं चाळीस, पाचव्यात आधीच दोन प्रॅक्टिकल आहेत, मी कुठे बसवू? मग प्रॅक्टिकल तोडून बॅचेस केल्या, एक प्रयोग सहाव्यात ढकलला, तेव्हा कुठे जमलं. हे कुठल्या अधिकाऱ्याला फाइल वाचून कळणार आहे? ज्याला सोमवारी सकाळी त्या चाळीस पोरांसमोर उभं राहायचंय त्यालाच ते कळतं.

आणि वरून ठरवून घाईने केलं की काय होतं ते बघायचं असेल तर दिल्ली विद्यापीठ बघा. डिसेंबर २०१२ मध्ये चार वर्षांची पदवी ॲकॅडेमिक कौन्सिलमधून पास करून घेतली, विरोध करणारे मोजकेच, २०१३ ला सुरू, अकरा फाउंडेशन कोर्स सगळ्यांना सक्तीचे, आणि जून २०१४ मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आदेशाने गुंडाळलं. मध्ये एक अख्खी बॅच लटकली. मुंबई विद्यापीठात २०१७ ला उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी अशीच एका झटक्यात आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच घरी पाठवलं. शिकवणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकलं असतं तर यातलं अर्धं टळलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

वेर्णा_क्यूसी:
सर ती पोस्ट माझी नव्हती पण अंगठा माझा होता, आणि तो मी काढणार नाही.

वेर्णात फार्मामध्ये क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला आहे, दरवर्षी बीएस्सी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. मागच्या वेळची मुलगी, मार्क ऐंशीच्या वर, एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) तत्त्व विचारलं तर धडाधड पाठ. मग म्हटलं मोबाइल फेज, म्हणजे मशीनमधून वाहणारं द्रावण, तयार केलंस, आता पुढे काय करशील? म्हणाली मशीनमध्ये घालेन. फिल्टर करायचं, ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून, मग डीगॅस करायचं, म्हणजे विरघळलेली हवा काढायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं तिला. एवढ्यासाठी कॉलम चोकअप होतो आणि एक कॉलम केवढ्याला पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलगी हुशार होती हो, तीन महिन्यांत शिकली. पण ते तीन महिने पगार कंपनीने दिला. तुमची अख्खी दुपार कुठलं सेमिस्टर यात गेली, आणि शेवटी पोरीच्या हातात काय आलं?

फर्मागुडीकर:
फिल्टर करायचं हे सिलॅबसमध्ये लिहिता येतं, लिहिलेलं असतंही. मशीन कोण देणार? ज्या कॉलेजात एचपीएलसी नाही तिथे ते फळ्यावरच शिकवलं जातं, आणि फळ्यावर कुणाचा कॉलम चोकअप होत नाही. सिलॅबस कंपनीने लिहिला म्हणून लॅबमध्ये मशीन येणार आहे का? बोर्डावर इंडस्ट्रीचा माणूस बाहेरचा सदस्य म्हणून घेता येतो. माझ्या तीन वर्षांत आमचे इंडस्ट्रीवाले सदस्य एकदाच आले, तेही जेवणाच्या आधी निघून गेले.

वेर्णा_क्यूसी:
कारण बैठक ठेवता वर्किंग डेला सकाळी अकराला आणि अजेंडा पाठवता आदल्या रात्री. शनिवारी ठेवून बघा.

तिसरं_वर्ष_बीए:
तुम्ही दोघे सायन्सवाले मशीनवर भांडताय, आमचं कुणी विचारत नाही. आम्ही २०२३ ची बॅच, म्हणजे गोव्यात एनईपीची (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) पहिली. ॲडमिशनच्या दिवशी सभागृहात स्लाइड दाखवली, मेजर मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, तुमच्या मनासारखं, मल्टिडिसिप्लिनरी, व्हॅल्यू ॲडेड, स्किल, सगळं निवडता येईल. मला मायनर सायकॉलॉजी हवं होतं. काउंटरवर गेले तर म्हणे टीचर नाही, या दोनातलं एक घे, मागे लाइन आहे. मी सही केली, अजून त्या सहीचा राग येतो मला.

आणि एक्झिटचं सांगते. एका वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, पण त्याआधी चार क्रेडिटचं कामाचं काहीतरी उन्हाळ्यात पूर्ण करावं लागतं. माझी मैत्रीण घरच्या अडचणीने पहिल्या वर्षानंतर थांबली, तिला हे निघताना कळलं. हे नियम प्राध्यापकांनी केले की दिल्लीने की कंपनीने याने तिला काय फरक पडतो? ठरवताना आमच्यातलं कुणीतरी तिथे बसलेलं हवं होतं.

ताळगावचे_भाई:
बाळ, तुझा राग बरोबर आहे, पण कोणी ठरवलं याने फरक पडतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यांच्या यादीतून समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या, यादीत गेलं, आणि तेव्हापासून चौकट दिल्लीची आणि आत भरायचं आम्ही. तीन वर्षांना १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०, त्यात मेजर इतके, मायनर इतके, भाषेचे आठ, हे सगळं यूजीसीने आखून दिलंय. बोर्डाकडे उरतं ते खणात काय ठेवायचं एवढंच.

मी हे दुसऱ्या टोकाकडून पाहिलंय. १९६२ ला गोव्यात पहिली कॉलेजं निघाली, धेंपे आणि चौगुले, ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. सिलॅबस मुंबईचा, पेपर मुंबईचा. त्यात मुंबईचा दोष नव्हता, एवढ्या कॉलेजांत आमचा आवाज केवढासा असणार! १९८४ च्या कायद्याने गोवा विद्यापीठ झालं, १९८५ च्या जूनमध्ये सुरू झालं, तेव्हा आम्ही काही जण ताळगावच्या पठारावर नुसते उभे राहून आलो होतो, अजून सगळं माळरान होतं. आपला अभ्यासक्रम आपण ठरवणार याचा आनंद काय असतो ते मी पाहिलंय. तो अधिकार कुणीतरी उठून कंपनीला द्या म्हणतो तेव्हा मला लागतं.

सांखळीची_मास्तरीण:
भाईंबद्दल आदर आहे पण "आपण ठरवणार" मधले आपण कोण ते सांगा.

मी मराठी शिकवते, लेक्चर बेसिसवर, नववं वर्ष. तासाला पैसे. चवथीची सुट्टी, नाताळची सुट्टी, परीक्षेचे दिवस, तेव्हा पैसे नाहीत. एनईपीच्या आधी बीएच्या पहिल्या वर्षाला मराठी घेणारी पन्नास मुलं वर्गात असायची, आता मेजरला अकरा. माझे आठवड्याचे तास चौदाचे आठ झाले. हा निर्णय झाला तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कारण मी कुठल्याच बोर्डावर बसू शकत नाही. आणि जे बसतात ते काय बघतात? मी चहाच्या टेबलावर ऐकलंय, "हा पेपर काढला तर आमच्या डिपार्टमेंटचा वर्कलोड जातो." मुलांना काय हवं हा प्रश्न नंतर. व्हॅल्यू ॲडेड कोर्स कुणी शिकवायचा हे कुणाचे तास कमी पडतात यावर ठरतं. फर्मागुडीकर सर, तुमची स्पेक्ट्रोस्कोपीची दुपार खरी असेल, पण माझ्या वाट्याला आलेली दुपार ही आहे.

बार्देशकार:
मराठीला मुलं मिळत नाहीत यात एनईपीचा काय संबंध? गोव्यात राजभाषा कोंकणी आहे, मुलं कोंकणी घेतात, नाहीतर सरळ इंग्रजी. कोण किती दिवस रडणार?

सांखळीची_मास्तरीण:
रडत नाहीये, तास मोजतेय. आणि १९८७ चा राजभाषा कायदा परत वाचा, कोंकणी राजभाषा हे आहेच, पण सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल हे त्यातच लिहिलंय. सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या गावांत जाऊन बघा प्राथमिक शाळा कुठल्या माध्यमाच्या आहेत. ती मुलं कॉलेजात येतात तेव्हा त्यांची वाचायची भाषा मराठी असते.

बार्देशकार:
गावच्या शाळा पटसंख्येअभावी बंद पडताहेत त्याचं काय? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७ चा जनमत कौल कसा गेला विसरलात का? विलीनीकरणाची भाषा आता भाषेच्या नावाने चाललीय.

पेडणेकर_७१:
ए, तोंड सांभाळून. बाई नोकरीचं सांगतेय आणि तू तिला विलीनीकरणवादी ठरवतोस? माझे वडील कौलात विलीनीकरणाच्या विरोधात होते, घरात पुस्तकं सगळी मराठी. दोन्ही एका माणसात राहतं हे तुला समजत नाही म्हणून गोव्यात हा वाद साठ वर्षं तसाच आहे. कोंकणी शिकवणारा लेक्चर बेसिसवाला पण असाच तासावर जगतो, जाऊन विचार त्याला.

बार्देशकार:
माझी बहीणच शिकवते कोंकणी, लेक्चर बेसिसवर. मला विचारायची गरज नाही. विलीनीकरण हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही.

वेर्णा_क्यूसी:
धागा सिलॅबसचा होता. सहावा तास चाललाय भाषेचा.

पेडणेकर_७१:
भाषा हा सिलॅबसच आहे. ते भाषेचे आठ क्रेडिट कुठे गेले ते विचारा आधी.

तिसरं_वर्ष_बीए:
मी सांगू कुठे गेले? माझ्या वर्गात तो तास म्हणजे सगळ्या मेजरची मुलं एका हॉलमध्ये, मागच्या बाकांवर ऐकूच येत नाही, टीचर बिचारी माइकशिवाय ओरडते. तुम्ही कोंकणी मराठी भांडताय आणि तिथे कुठलीच भाषा पोचत नाहीये. खरंच सांगते वाईट वाटलं मला हे सगळं वाचून.

फर्मागुडीकर:
कॉलेज सुटल्यावर सगळं एकदम वाचलं. मास्तरीणबाईंना उत्तर द्यायला हवं.

वर्कलोडचं तुम्ही म्हणता ते होतं. मी पाहिलंय आणि एकदा केलंयही. एक जुना पेपर काढायला हवा होता, कालबाह्य झाला होता, पण तो शिकवणारा सहकारी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, म्हणून मी गप्प बसलो. त्या दोन वर्षांत दोन बॅचेसना आम्ही तो पेपर शिकवला. तरीही माझं म्हणणं तेच आहे, अधिकार शिक्षकांकडेच राहायला हवा. कंपनीला दिला तर ती आज हवा तेवढा माणूस घडवेल, आणि पाच वर्षांनी ते मशीन बदललं की तो माणूस रस्त्यावर. अधिकाऱ्याला दिला तर त्याची बदली होते, पोरं तिथेच. पण शिक्षकांकडे ठेवायचा तर प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांना वाचायला मिळालं पाहिजे, कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला, का केला, नावानिशी. आज इतिवृत्तात "चर्चेअंती मान्य" एवढं एक वाक्य असतं आणि त्यामागे कोणीही लपू शकतो. मीही त्यामागेच लपलो होतो.

वेर्णावाल्यांची शनिवारची सूचना मान्य. अजेंडा आठ दिवस आधी हेही मान्य.

वेर्णा_क्यूसी:
शनिवार दिलात तर मी स्वतः येतो, भत्ता नको. पण सिलॅबस फक्त मास्तरांनीच लिहावा हे मला अजून पटलेलं नाही, नोंद ठेवा.

ताळगावचे_भाई:
नोंद ठेवण्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

सांखळीची_मास्तरीण:
सर, तुम्ही गप्प बसल्याचं कबूल केलंत, ते मला इथे अपेक्षित नव्हतं. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. गोव्यातल्या कॉलेजांत एवढे तास लेक्चर बेसिसवाले घेतात, पेपर काढतात, तपासतात, मुलांचे प्रोजेक्ट बघतात. शिकवणाऱ्याकडे अधिकार हवा म्हणता ना? मग आमचं मत बोर्डावर कधी?

फर्मागुडीकर:
तीन वर्षं बोर्डावर होतो, एकदाही हा विषय मांडला नाही. का नाही मांडला याला माझ्याकडे उत्तर नाही.

सांखळीची_मास्तरीण:
ठीक. उद्या साडेआठला पहिला तास आहे, कदंबा बस सव्वासातची, अकरा मुलांच्या असाइनमेंट तपासायच्या राहिल्यात. ही तपासणी तासात धरत नाहीत. तुमच्या ओळखीचं कुणी आता बोर्डावर असेल तर त्याला एवढं तरी विचारा.