पावणेचार इंची फिगर्ससाठी जंगलातली लढाई करायचीय, झाडं कशी करू?

स्काउट_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं स्टार वॉर्सचे पावणेचार इंची फिगर्स जमवतोय, आणि आता ते काचेच्या कपाटात नुसते रांगेत उभे बघून करमत नाही. सिनेमातल्या एन्डोरच्या जंगलातली लढाई करायचीय, म्हणजे स्काउट ट्रूपर्स (पांढऱ्या चिलखतातले सैनिक), त्यांच्या उडत्या स्पीडर बाइक्स, भरपूर इवॉक्स (जंगलात राहणारे अस्वलासारखे केसाळ बुटके) आणि दोन पायांवर चालणारं एक लढाऊ यंत्र, म्हणजे वॉकर. चार फूट बाय अडीच फूट प्लाय कापून आणलाय आणि तिथेच अडकलोय. दुकानातली तयार झाडं लावून बघितली तर जंगल वाटतच नाही, सोसायटीच्या बागेत ट्रूपर्स फिरायला आल्यासारखे दिसतात. खोडं किती जाड करायची, जमिनीवर काय टाकायचं, आणि नाशिकच्या पावसाळ्यात बुरशी येणार नाही असं सामान कुठलं वापरायचं? दिवाळीपर्यंत पूर्ण करायचा विचार आहे.

अठरास_एक
आधी स्केलचं बघ, बाकी सगळं त्यावरून ठरतं. पावणेचार इंच म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर, हे साधारण १:१८ चं स्केल. तयार झाडं बहुतेक रेल्वे मॉडेलवाल्यांसाठी असतात, त्यांचं एचओ स्केल १:८७, म्हणून ती तुझ्या फिगर्ससमोर झुडपं वाटतात.

एन्डोर म्हणून जे आपण बघतो ते खरं तर उत्तर कॅलिफोर्नियातलं रेडवूडचं जंगल आहे, १९८३ च्या सिनेमासाठी तिथे जाऊन शूटिंग केलंय. ही झाडं ९० मीटर सहज गाठतात, सगळ्यात उंच झाड तर ११५ मीटरच्याही वर आहे. ९० ला १८ ने भाग, पाच मीटर आले, म्हणजे तुझ्या घराचं छतसुद्धा कमी पडेल. त्यामुळे झाड करायचं डोक्यातून काढ आणि फक्त बुंधे कर. तीन मीटर व्यासाचा बुंधा तुझ्या बेसवर साधारण १७ सेंटिमीटर होतो, साडेचार मीटरचा २५ सेंटिमीटर. दोन फूट उंच खोड उभं केलंस तर तो खऱ्या झाडाचा फक्त खालचा अकरा मीटरचा तुकडा झाला, आणि दाट जंगलातल्या जुन्या रेडवूडला एवढ्या उंचीत फांद्या जवळपास नसतातच. खोड वर निमुळतंही होत जात नाही, फक्त मुळाशी पसरतं. लोक गाजरासारखी टोकदार खोडं करतात आणि सगळी मजा तिथेच जाते.

पाच-सहा बुंधे बास. दोन जाड, पुढे कडेला, इतके पुढे की एखाद्या ट्रूपरचा अर्धा भाग त्यामागे लपला पाहिजे. मागचे मुद्दाम बारीक, आठ-दहा सेंटिमीटरचे आणि जवळ जवळ, त्याने खोली येते. वर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी लाव म्हणजे कापलेली टोकं दिसत नाहीत.

ओझरची_द्राक्षं
दादा सालीसाठी लांब जाऊ नका, आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या बागा आहेत. जुनी बाग काढली की खोडं बांधावर जळणासाठी पडलेली असतात, कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, तो सहज देईल. जुन्या द्राक्षवेलीची साल उभी, लांब धाग्याधाग्यांनी सुटते आणि रेडवूडची सालही अशीच उभी तंतुमय असते, मी फोटो शेजारी ठेवून बघितलेत, इतकं साम्य दुसऱ्या कुठल्या लाकडात मला दिसलं नाही. खोड स्वतः एवढं जाड नसतं, पण मागच्या झाडांसाठी, आडव्या पडलेल्या ओंडक्यांसाठी आणि मुळांसाठी जसंच्या तसं चालतं. पुढच्या जाड बुंध्यासाठी साल अलगद सोलून पाइपवर फेव्हिकॉलने चिकटवायची. आणि ऑक्टोबर छाटणीच्या काड्या घ्या, बोटाएवढी काडी तुमच्या स्केलला चांगला ओंडका होते, इवॉक्स शत्रूसाठी लावतात ते सापळे त्याचेच करा.

एक काळजी घ्या, वेलीवर बोर्डो म्हणजे मोरचूद-चुना आणि बाकीच्या फवारण्या झालेल्या असतात. ब्रश मारून स्वच्छ धुवा, नीट वाळवा, आणि घासताना तोंडाला मास्क लावाच.

धुक्यातला_इगतपुरीकर
ताईंचं साम्याचं म्हणणं पटलं, पण मी खरं लाकूड आणि खरी साल घरात ठेवायच्या विरुद्ध आहे. आमच्याकडे पावसाळ्यात बंद कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते तिथे साल काय टिकणार, आणि भुंगा लागला तर आतून पीठ पडायला लागतं, ते दिसेपर्यंत प्लायमध्येही गेलेला असतो. मी ड्रेनेजचे पीव्हीसी पाइप वापरतो, ११० आणि १६० मिलिमीटर दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, १६० चा म्हणजे तुझ्या स्केलला जवळजवळ तीन मीटरचं झाड. पाइप पॉलिश पेपरने खरबरीत करून घे, नाहीतर त्याच्यावर काही धरत नाही. वर कागदाचा लगदा, तो ओला असतानाच गादीवाल्याकडचा काथ्या मोकळा करून उभा दाबायचा, वाळला की पातळ फेव्हिकॉलचा हात. मुळांचा फुगवटा थर्माकोलचा करणार असशील तर त्याच्यावर थेट स्प्रे पेंट मारू नकोस, थर्माकोल विरघळतं, आधी लगद्याने पूर्ण झाकून घे.

रंग चॉकलेटी नको. रेडवूड म्हटलं तरी बाहेरून ती साल राखाडीकडे झुकणारी असते, लाल आतल्या भेगांत. आधी गेरूसारखा लालसर सगळीकडे, मग कोरड्या ब्रशने राखाडी फक्त उंचवट्यांवर.

ओझरची_द्राक्षं
भुंग्याची भीती खरी आहे, नाही म्हणत नाही. पण साल ओव्हनमध्ये १०० अंशाला तासभर ठेवली, समोर उभं राहून, की किडा-अंडी राहत नाहीत. नंतर मॅट वार्निश. ओझरला इगतपुरीएवढा पाऊस नाही हेही आहे म्हणा.

धुक्यातला_इगतपुरीकर
इंदिरानगरला जमेल कदाचित. माझ्याकडे मी काथ्याच लावणार.

खाली_कॅमेरा
जमिनीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाळलेली पानं जुन्या मिक्सरमध्ये फिरवायची (घरातलं मसाल्याचं भांडं नको) आणि दोन चाळण्यांनी चाळायची, जाडं खाली, बारीक वर. फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे ते वरच्यावर न राहता आत झिरपतं. रेडवूडच्या जंगलात खाली नेच्यांची गर्दी असते, त्यासाठी मोरपंखीच्या कोवळ्या फांद्या वहीत दाबून वाळव, आकार छान राहतो, रंग उडतो तेव्हा हिरवा मारावा लागतो.

आता लढाईचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की सगळी लढाई एकाच बेसवर बसवू नकोस. एक क्षण पकड. वॉकरच्या पायाखाली ओंडके घरंगळत येतायत आणि तो तोल जाऊन एका बाजूला कललाय, बस. मग प्रत्येक फिगरला विचारायचं की हा आत्ता कुठे बघतोय. जवळचे दोन ट्रूपर वर वॉकरकडे बघणार, लांबचा एक अजून दुसरीकडेच गोळ्या झाडतोय कारण त्याला कळलंच नाही, इवॉक्सपैकी निम्मे झाडामागे. जंगलातल्या लढाईत कोणालाच सगळं दिसत नसतं, आणि बघणाऱ्यालाही एका नजरेत सगळं दिसता कामा नये, त्याने मान वाकवून बुंध्यामागे डोकावलं पाहिजे. बहुतेक फिगर्सच्या तळपायाला भोक असतं, बेसमध्ये खिळ्याचा तुकडा ठोकून त्यावर बसवलं की एका पायावर धावतानाही उभा राहतो.

फोटो काढणार असशील तर मोबाइल उलटा करून कॅमेरा फिगरच्या डोळ्यांच्या उंचीला आण. ट्रूपरचं पांढरं चिलखत फोटोत लगेच जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून एक्स्पोजर खाली ओढ. अगरबत्तीचा धूर आणि वरून तिरका एकच टॉर्च, बाकी दिवे बंद.

स्काउट_इंदिरानगर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढचे दोन बुंधे पाइपवर द्राक्षाची साल आणि मागचे काथ्याचे असं ठरवतोय. अजून एक, पावसाळा आहे तर अंजनेरीला जाऊन थोडं शेवाळ आणलं तर चालेल का? तिकडे दगडांवर मस्त असतं.

अठरास_एक
नको रे, अजिबात नको. अंजनेरी आणि बोरगड दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीला तर तिच्याच नावाची सेरोपेजिया या फुलझाडाची दुर्मिळ जात आहे, तिथल्या दगडावरचा एक खपलाही उचलू नये असं मला मनापासून वाटतं. आणि ते शेवाळ घरी आणून वाळलं की तपकिरी भुगाच होतो.

त्यापेक्षा लहानपणी किल्ल्यावर पेरायचो ते हळीव पेर. चार सेंटिमीटर वाढलं की १:१८ ला ते सत्तर-बहात्तर सेंटिमीटर होतं, म्हणजे ट्रूपरच्या मांडीपर्यंतची झुडपं, आणि जिवंत हिरवं फोटोत जे दिसतं ते कुठल्याही रंगाने येत नाही. फक्त थेट प्लायवर पेरू नकोस, प्लाय फुगेल. उथळ ट्रेमध्ये बारीक माती घालून आठवडाभर आधी पेर, पाणी नुसतं शिंपडायचं, ट्रेच्या कडा पानांच्या भुग्याने झाकायच्या आणि पुढच्या दोन बुंध्यांच्या मध्ये बसवायचा. पिवळं पडायला लागलं की ट्रे उचलून घे, मुळं कुजली की वास येतो आणि साल ओलावा धरते.