कझिन दारात आला, की आली?

राजारामपुरी: एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय आणि दुसऱ्याच वाक्यात अडकलेय. निवेदकाच्या दारात त्याचा कझिन येतो. मुलगा की मुलगी, आईकडचा की वडिलांकडचा, हे पाच पानांनंतर उघड होतं, म्हणजे लेखकानं मुद्दाम झाकलंय. मराठीत क्रियापद लिहिलं की लगेच कळतं. 'चुलत भावंड आलं' असं लिहून बघितलं. मैत्रीण म्हणाली, मला दोन वर्षांचं पोर दिसलं. तिचं खरं आहे. शिवाय चुलत म्हटलं की बाप ठरलाच. काय करू?

शिवाजी पेठ: कझिनच ठेवा. आमच्या गल्लीत सगळी पोरं तेच म्हणतात, कुणी अडत नाही.

राजारामपुरी: ठेवलं. पण पुढे 'आला' लिहू की 'आली'?

उत्तरेश्वर पेठ: सकर्मक क्रियापद घ्या. 'कझिननं दार वाजवलं.' वाजवलं ते दार, वाजवणारा पुरुष की बाई ते झाकलेलं राहतं. पाच पानं सलग जमेल का, ते तुम्हीच बघा.

कसबा बावडा: मला मुळात कझिन हा शब्दच खटकतो. चुलत, मामे, मावस, आते असे चार स्वच्छ शब्द असताना एकाच पोत्यात सगळे का भरायचे? भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायला गेलो होतो. भाच्यानं कागदावर तीन नावांपुढे 'कझिन' लिहिलेलं. छापखान्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला, पेन्सिल त्या शब्दावर ठेवली आणि विचारलं, "चुलत का मावस?" भाच्याला एकाचं सांगता आलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शिवाजी पेठ: काका, त्याला नातं माहीत नसेल, पण माणूस माहीत आहे ना? आम्ही मावसभावाला हाक मारताना 'मावसभावा' म्हणत नाही, दादाच म्हणतो. चुलत-मावस हे पत्रिकेतले शब्द आहेत, घरातले नाहीत.

कसबा बावडा: घरातलेच आहेत. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत बहिणीशी चालत नाही. हा फरक कझिन पुसून टाकतो. 1955चा हिंदू विवाह कायदा बघा. निषिद्ध नाती सांगताना त्यातही कझिन नाही, भाऊ-बहिणीची मुलं, दोन भावांची मुलं, दोन बहिणींची मुलं असं फोड करून लिहिलंय. वर रूढी असेल तर सवलत.

उत्तरेश्वर पेठ: गंमत म्हणजे कझिनचं मूळ लॅटिन 'कोन्सोब्रीनुस', म्हणजे आईच्या बहिणीचं मूल. मुळात तो आपला मावसभाऊच. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत आईकडचा-बापाकडचा हा भेद गळून गेला.

राजारामपुरी: हे माहीत नव्हतं! पण माझा कझिन अजून दारातच उभा आहे.

मिरजकर तिकटी: मामाच्या मुलीवरून आठवलं. माझी आजी सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची. त्या काही तिच्या सख्ख्या आत्या नव्हत्या. आत्याच सासू व्हायची, तिथून ही हाक उरली. शब्द कानडीतला. कानडीत अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही.

कसबा बावडा: प्रत्येक गोष्ट कानडीतून आणायची काही गरज नाही. गाथासप्तशतीत सासूला 'अत्ता' म्हटलंय. ती महाराष्ट्री प्राकृत, आपलीच.

मिरजकर तिकटी: प्राकृतात आहे म्हणून कानडीतून आला नसेल, असं कसं ठरतं? अक्का, अण्णा, अप्पा रोज म्हणतो आपण. शेजाऱ्याकडून घेतलं म्हणून कमीपणा येत नाही.

कसबा बावडा: कमीपणाचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे.

गडहिंग्लज: आमच्याकडे आत्यालाही आत्ती आणि सासूलाही आत्तीच. माझ्या आईच्या माहेरी, निपाणीत, घरात कानडी बोलत. ती सासूला कानडीत काय म्हणायची आणि मराठीत काय, रात्री विचारून लिहिते.