पांढरा अवक्षेप: शिसे की चांदी?

प्रश्न (ऐरोली): अज्ञात क्षाराच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरा अवक्षेप येतो, तो शिशाचा की चांदीचा, हे खात्रीने कसे ठरवावे?

उत्तर (ठाणे): अवक्षेप गाळून, धुऊन पाण्यात उकळावा. शिशाचे क्लोराइड गरम पाण्यात विरघळते आणि द्रावण निवताना त्याचे सुईसारखे चकचकीत स्फटिक पुन्हा दिसू लागतात. माझ्या मते या प्रात्यक्षिकातला सर्वांत देखणा भाग तोच. गरम द्रावणात पोटॅशियम क्रोमेट घातल्यास पिवळा अवक्षेप मिळतो.

उत्तर (वाशी): उकळूनही न विरघळलेल्या अवक्षेपावर अमोनिया घालावा: विरघळला तर चांदी, काळा पडला तर मर्क्युरस पारा. मात्र ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे चांदीचे द्रावण आधीच गढूळ होते.

प्रश्नकर्ता: मग शिसे दुसऱ्या गटातही (आम्लानंतर हायड्रोजन सल्फाइडने अवक्षेप देणाऱ्या आयनांच्या गटात) का सापडते?

उत्तर (ठाणे): त्याचे क्लोराइड थंड पाण्यातही थोडे विरघळते, उरलेले आयन पुढे हायड्रोजन सल्फाइडबरोबर काळा अवक्षेप देतात.