आभासी यंत्र की पोटमशीन?

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबला एक जुना सर्व्हर मिळालाय. ८ कोअर, ३२ जीबी रॅम. त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक मशिनी चालवणारी प्रणाली) टाकून पोरांना एकेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा वेगळा संगणक, द्यायची आहे. पोरं औसा, रेणापूर, चाकूरकडची. त्यांच्यासाठी भिंतीवर लावायला मराठीत पानभर सूचना लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. व्हर्च्युअल मशीनला सगळीकडे 'आभासी यंत्र' लिहिलेलं दिसतं. शाळेच्या विज्ञानात आभासी प्रतिमा असायची ना, आरशात दिसते पण पडद्यावर घेता येत नाही, तोच हा आभासी. इथं तर मशीन चालू केली की ४ जीबी रॅम खरोखर जाते, डिस्क खरोखर भरते, पंखा खरोखर घरघरतो. एका पोरानं विचारलंच, "सर, मग यात ठेवलेली फाईल बी आभासीच का?"

दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

गोदातीर (नांदेड):
कामून डोकं शिणवायलाव सर? आमच्याकडं 'व्हीएम' म्हणतात. 'एक व्हीएम उभी कर' म्हटलं की शिपायाला बी कळतं.

आद्यकवींच्या गावचा (अंबाजोगाई):
व्हीएम म्हणायला हरकत नाही, पण सरांची शंका खोल आहे. मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात, त्यामुळे वेदान्त आल्याशिवाय राहणार नाही, माफ करा. अद्वैतात सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. अंधारात दोरीचा साप दिसतो तो प्रातिभासिक. 'आभासी' शब्दाचा वास त्या सापाला येतो. तुमची मशीन मात्र व्यावहारिक आहे. खालचा सर्व्हर चालू आहे तोवर ती पुरेपूर खरी. लाईट गेली की आत्मज्ञान झालं म्हणायचं!

इंग्रजी 'व्हर्च्युअल'चं मूळ लॅटिनमधल्या गुण, सामर्थ्य या अर्थाच्या शब्दात आहे. नावानं नसला तरी गुणानं तोच, असा त्याचा जुना रोख. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली व्याख्या केली त्यातही खोटेपणाचा मागमूस नाही. खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि इतरांपासून अलग ठेवलेली जुळी प्रत, असा तिचा आशय. यात आभास कुठं बसतो?

मांजराकाठ (लातूर):
हे आवडलं. पण भिंतीवर 'व्यावहारिक सत्तेचं यंत्र' लिहिलं तर पोरं मलाच समाधीला बसवतील.

दुसरी अडचण क्रियापदाची. एका नमुन्यात 'प्रणाली प्रतिष्ठापित करा' असं होतं. गणपती आहे का तो? नीट ऐकलं तर आपली माणसं यात गोंधळ करतच नाहीत. नुसत्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स 'मारतात', जशी विंडोज मारतात. आणि त्यात तथ्य आहे, कारण इन्स्टॉलर निवडलेली डिस्क सगळी पुसून टाकतो. मग ब्राउझरमधून ८००६ पोर्टवर जाऊन मशीन 'उभी करतात', आणि तिच्यात लिनक्स 'चढवतात'. तीन कामं, तीन क्रियापदं. इंग्रजीत या तिन्हींना 'इन्स्टॉल' चालून जातं. मी हीच तिन्ही ठेवणार आहे.

जालन्याची ताई:
ठेवाच. पण 'होस्ट'ला, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरला, 'यजमान' लिहू नका हो दादा, पाया पडते. ऑफिसचा सर्व्हर मी बघते. "यजमान बंद पडलेत, चालू करून येते" असं घरी फोनवर बोलले तर सासूबाई रिक्षा करून येतील.

बारका (बीड):
😂 आणि 'गेस्ट'ला, म्हणजे आतल्या मशिनीला, पाव्हणा म्हणावं तर तो आठ दिवसांत जातो. ही बसलीय ती बसलीय.

हायपरवायझरचं, म्हणजे एका सर्व्हरवर या सगळ्या मशिनी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मी सांगतो. पूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला सुपरवायझर म्हणत. त्याच्याही वरचा, म्हणून हायपरवायझर. सुपरवायझरला मपल्याकडं शब्द तयारच हाय: मुकादम. अरबीतून आलेला, पुढं उभा केलेला माणूस. ऊसतोडीत प्रत्येक टोळीला मपला मुकादम, तशी प्रत्येक मशिनीत मपली ऑपरेटिंग सिस्टीम. मुकादमाला वाटतं, सगळा फड मपलाच. पण आज कोणत्या टोळीनं कोणत्या फडात कोयता लावायचा हे ठरवतो कारखान्याचा चिटबॉय. हायपरवायझर म्हणजे चिटबॉय!

गोदातीर (नांदेड):
चिटबॉय बी इंग्रजीच की राजा.

बारका (बीड):
आसंल. उसाच्या फडात शिरला की मराठी होतो.

सातबारावाला (परभणी):
उशिरा आलो. तलाठी कार्यालयाच्या दारात निम्मं आयुष्य गेलंय, तिथला शब्द देतो: पोट. पोटभाडेकरू, पोटनियम, पोटनिवडणूक, तशी पोटमशीन. सगळ्यात जवळचा म्हणजे पोटहिस्सा. गट नंबर एकच, पण भावाभावांत वाटणी झाली की पोटहिस्से पडतात. मग ज्याचा सातबारा त्याला, ज्याचं पीक त्याला, ज्याचं कर्ज त्याला. एकानं कर्ज थकवलं म्हणून दुसऱ्याच्या हिश्श्यावर बोजा चढत नाही. वर अलग ठेवलेली म्हणालात ना, ती ही.

आणि एक वस्तू फुकट घ्या. ३२ जीबीतली सगळी रॅम पोरांना वाटता येणार नाही, काही खालच्या सर्व्हरला स्वतःलाच लागते. तिला म्हणायचं पोटखराबा. क्षेत्रात मोजला जातो, पण पेरता येत नाही.

आद्यकवींच्या गावचा (अंबाजोगाई):
पोटखराब्याला दंडवत! पण एक शंका. पोटहिस्सा म्हणजे तुकडा. ही मशीन तुकडा नाही, आतून बघितलं तर सबंध आहे. तिला स्वतःचं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर), स्वतःची डिस्क.

सातबारावाला (परभणी):
पोटभाडेकरूची चूलसुद्धा सबंधच असते महाराज.

डिस्कचं म्हणाल तर तिथं आमचंच राज्य. प्रत्येक मशिनीला १०० जीबी लिहून दिली तरी, थिन ठेवली असेल तर, तेवढी लगेच जात नाही. जेवढं लिहिलं जाईल तेवढीच खाली भरते. कागदावर १००, वहितीखाली १२. सगळ्या भावांनी एकदम कागदाएवढं नांगरायला घेतलं की बांधावर भांडण ठरलेलं.

मांजराकाठ (लातूर):
पोटमशीन पक्की केली. काल पहिली उभी करताना चालूच होईना, केव्हीएम (लिनक्समधली अशा मशिनी चालवणारी सोय) उपलब्ध नाही म्हणून रडायला लागली. सर्व्हर बंद करून बायोसमध्ये गेलो तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय तिथंच बंद होती. इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीत एसव्हीएम नावानं असते. त्या वेळी बाकी कुणाच्या मशिनी नव्हत्या म्हणून बरं, आता खालचा सर्व्हर बंद केला तर वरच्या सगळ्या आडव्या होतील. सूचनांत पहिली ओळ तीच टाकली: 'मारण्याआधी बायोस बघा.'

आज पोरगं पळत आलं, "सर, मपल्या पोटमशिनीला नेट येईना." ब्रिजची, म्हणजे मशीन नेटवर्काला जोडणाऱ्या सोयीची, निवड चुकली होती, ते सुटलं. पण त्यावरून नवा पेच: ब्रिजवर मशीन नेटवर्कात स्वतःच्या पत्त्यानं बसते, नॅटमध्ये मात्र तिचं सगळं बाहेर जातं ते खालच्याच्या पत्त्यानं, उत्तरंही त्याच्याच दारात येतात आणि तो आत पोचवतो. ब्रिजला पूल चालेल. नॅटला काय?

जालन्याची ताई:
भाड्याच्या खोलीवर असताना माझ्या पत्रांवर घरमालकाचं नाव असायचं, त्याच्या आधी एक शब्द. मार्फत.